समुद्रावरचा संसार

माणसाच्या मनात दोन ओढी जन्मापासूनच असाव्यात, असे मला पुष्कळदा वाटते. एक ओढ घराची आणि दुसरी दूरच्या क्षितिजाची. वार्षिक परीक्षा संपली, की तुम्ही आजोळी जाण्यासाठी उतावीळ होता. पण तेथे पंधरा दिवस मजेत गेल्यावर एखाद्या रात्री आपल्या घरातील नेहमीचा कोपरा, आपली वाकळ, अंगणातली ओळखीची चाहूल यांची आठवण येऊन झोप लागत नाही. घरी परतल्यावर पुन्हा आजोळची आमराई डोळ्यांपुढे उभी राहते. या दोन ओढींत मन सारखे हेलकावे खात असते. बहुतेक माणसे त्यांपैकी एकीला जवळ करतात आणि दुसरीची समजूत काढून तिला गप्प बसवतात.

मी स्वतः घराला जवळ करणाऱ्यांपैकी. चार दिवसांसाठी कोठे जायचे झाले, तरी कुलूप नीट लागले का, तुळशीला पाणी कोण घालील, दारातल्या मांजराला दूध कोण ठेवील, अशा शंकांनी माझा जीव अर्धा होतो. पण गंमत अशी, की प्रवासवर्णनांचे, त्यातही सागरप्रवासाच्या वर्णनांचे, मला विलक्षण वेड आहे. बाहेर पाऊस कोसळत असावा, खोलीत कंदिलाचा किंवा दिव्याचा मऊ उजेड असावा आणि आपण पुस्तकातील वादळातून निर्धास्तपणे जात असावे, यासारखे सुख नाही! अशाच वाचनात मला एक जोडपे भेटले. माइल्स स्मीटन आणि त्यांची पत्नी बेरिल ही ती दोघे. दोन्ही ओढी एकाच आयुष्यात जपता येतात का, या माझ्या जुन्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी शब्दांनी न देता जगून दिले आहे. म्हणून त्यांची हकिगत तुम्हांला सांगावीशी वाटते.

जमीन आणि पाणी यांच्यामध्ये वाटलेले आयुष्य मला अगदी अनोळखी नाही. माझे बालपण कोकणातील एका खाडीच्या काठी गेले. पावसाळा तोंडावर आला, की आमच्या गावचे कोळी आपल्या होड्या वाळूवर ओढून घेत आणि झापांनी शाकारून ठेवत. मग जाळी विणणे, घर शिवणे, थोडीफार शेती, असा जमिनीवरचा संसार सुरू होई. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण केला, की होड्या पुन्हा पाण्यात लोटल्या जात. परंतु त्या दिवशी घरधनी होडीत चढे आणि घरची बाई किनाऱ्यावर उभी राही. शीड दिसेनासे होईपर्यंत ती तेथून हलत नसे. समुद्र पोटासाठी होता आणि तो घराचे दोन भाग करी. स्मीटन दांपत्याची गोष्ट याहून वेगळी आहे. त्यांना समुद्रावर जाण्याची सक्ती कोणी केली नव्हती आणि तेथे ती दोघे बरोबरच गेली.

माइल्स यांचा जन्म १९०६ सालचा. ते इंग्रज, पण त्यांच्या उमेदीची वर्षे हिंदी लष्करात अधिकारी म्हणून गेली. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातील लढायांत त्यांनी भाग घेतला आणि ब्रिगेडियरच्या हुद्द्यापर्यंत ते चढले. बेरिल त्यांच्याहून थोड्या महिन्यांनी मोठ्या. विवाहापूर्वीच त्यांनी आशिया आणि दक्षिण अमेरिका या खंडांत दूरदूरचे प्रवास केले होते. तेही पुष्कळदा एकट्याने, कधी पायी तर कधी घोड्यावर. १९३८ साली या दोघांचा विवाह झाला. दुसऱ्याच वर्षी ती दोघे हिंदुकुश पर्वतातील तिरिचमीर या ७,७०८ मीटर उंचीच्या शिखरावर चढाई करण्यास गेली. शिखर काही त्यांना गाठता आले नाही. पण त्या मोहिमेत त्यांच्याबरोबर एक हसतमुख तरुण शेर्पा होता. त्याचे नाव तेनझिंग नोर्गे. पुढे १९५३ साली एव्हरेस्टच्या माथ्यावर पाऊल ठेवणारे तेनझिंग ते हेच.

युद्ध संपल्यावर या भटक्या जोडप्याने काय करावे? त्यांनी घर केले! कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ सॉल्ट स्प्रिंग, म्हणजे खाऱ्या झऱ्यांचे, नावाचे एक बेट आहे. तेथे त्यांनी शेत घेतले आणि आपल्या क्लिओ नावाच्या लहानग्या मुलीसह ती दोघे शेतकरी झाली. शेती हे काम माणसाला जागेशी बांधून टाकणारे. पिकाला ‘चार दिवस थांब’ असे सांगता येत नाही आणि जनावरांना सुट्टी ठाऊक नसते. कोणालाही वाटले असते, की आता यांचा प्रवास संपला.

पण समुद्र त्यांच्या आयुष्यात आला तो एका हिशेबाच्या वाटेने. युद्धानंतरच्या काळात इंग्लंडमधून मनास येईल तेवढा पैसा परदेशी नेण्यास सरकारी बंदी होती. स्मीटन यांचे काही पैसे इंग्लंडमध्ये अडकले होते. तेव्हा त्यांनी असा विचार केला, की त्या पैशांत एक नौका घ्यावी, ती चालवत कॅनडाला न्यावी आणि तेथे विकून पैसे मोकळे करावेत. हिशेब बिनचूक होता. अडचण एवढीच होती, की दोघांपैकी कोणालाही शिडाची नौका चालवण्याचा म्हणण्यासारखा सराव नव्हता!

१९५१ साली त्यांनी नौका घेतली. तिचे नाव ‘त्झू हांग’. लांबी ४६ फूट, दोन डोलकाठ्या आणि अंग सागवानाचे. ती १९३८ साली हाँगकाँगमध्ये बांधलेली होती. चिनी बौद्धांच्या भाषेत या नावाचा अर्थ करुणेची नाव असा होतो. दुःखाच्या सागरातून जीवांना पैलतीरी नेणारी ती नाव. आपल्या संतांनी भवसागर आणि नौका यांचे रूपक किती वेळा योजले आहे! ते वाचणाऱ्याला हे नाव परके वाटणार नाही. या नौकेत बसून आई, बाप आणि जेमतेम दहा-अकरा वर्षांची क्लिओ इंग्लंडहून निघाली. शिकत, चुकत, पुन्हा शिकत त्यांनी अटलांटिक महासागर ओलांडला आणि पनामा कालव्यातून पॅसिफिकमध्ये उतरून आपले बेट गाठले. तुमच्याच वयाची ती मुलगी त्या प्रवासात लाटांच्या हेलकाव्यांवर वाढली. बापाने पुढे या प्रवासावर जे पुस्तक लिहिले, त्याला ‘समुद्र हेच आमचे गाव होते’ अशा अर्थाचे नाव दिले.

आणि नौका? ती विकायची होती ना? कॅनडात पोचल्यावर तो हिशेब कोणाला आठवला नाही. घरातील माणसासारखी झालेली वस्तू कोण विकणार!

आता या कुटुंबाला दोन घरे झाली. एक स्थिर, एक डोलणारे. शेताच्या घरात ऋतूंप्रमाणे कामे येत; नौकेतील घरात वाऱ्याप्रमाणे. नौकेतील संसार किती लहान असतो याची कल्पना करून पाहा. निजण्याची फळी म्हणजेच बसण्याचे बाक. मोजके पिण्याचे पाणी. ते महिना-दीड महिना पुरवायचे. प्रत्येक भांडे खणात अडकवून ठेवायचे, नाहीतर पहिल्याच मोठ्या लाटेला ते आपल्या डोक्यावर येणार. रात्र झाली म्हणून सगळ्यांनी झोपायचे नाही. सुकाणूवर कोणीतरी जागे हवेच. एकाने निर्धास्त झोपावे यासाठी दुसऱ्याने डोळ्यांत तेल घालून जागावे, हा तेथील संसाराचा पहिला नियम. मला वाटते, जमिनीवरच्या संसाराचाही तोच आहे. पण भिंतींच्या आड तो आपल्याला दिसत नाही.

१९५५ साली त्यांनी बेटावरच्या शेतीचा निरोप घेतला आणि पॅसिफिक ओलांडून न्यूझीलंड व ऑस्ट्रेलिया गाठले. क्लिओ शाळेसाठी इंग्लंडला गेली. तेव्हा आमच्या खाडीवरच्या चित्राच्या अगदी उलटे घडले. येथे मूल किनाऱ्यावर राहिले आणि आईबाप दोघेही समुद्रावर! मुलीकडे पोचायचे तर मार्ग कोणता घ्यावा? त्यांनी निवडला तो सर्वांत अवघड, दक्षिण अमेरिकेच्या टोकाला असलेल्या केप हॉर्न या भूशिराला वळसा घालून जाणारा.

तो मार्ग अवघड का, हे पृथ्वीचा गोल समोर ठेवून पाहा. दक्षिण गोलार्धात खाली खाली जावे, तसतशी जमीन संपते आणि पृथ्वीभोवती पाण्याचा अखंड पट्टा लागतो. तेथे पश्चिमेचे वारे बारा महिने वाहतात. त्यांना अडवायला डोंगर नाहीत. म्हणून लाटा हजारो मैल वाढत वाढत येतात. दक्षिण अमेरिकेचे टोक त्या पट्ट्यात पाचर ठोकल्यासारखे घुसले आहे. तेथे वारा, लाटा आणि पाणी यांना अरुंद वाटेतून जावे लागते. शिडांच्या जहाजांच्या काळात शेकडो खलाशांना त्या सागराने गिळले आहे.

२६ डिसेंबर १९५६ रोजी ‘त्झू हांग’ मेलबर्नहून निघाली. नौकेत दोघांखेरीज जॉन गझवेल नावाचा एक तरुण मित्र होता. तो कुशल सुतार आणि खलाशी. प्वे नावाची सयामी मांजरही होती. पन्नास दिवस प्रवास ठीक झाला. १४ फेब्रुवारी १९५७ च्या सकाळी केप हॉर्न अजून सुमारे हजार मैल दूर होते. सुकाणूवर बेरिल होत्या. कमरेला दोर बांधलेला होता. मागून एक लाट आली. लाट कसली, पाण्याची उभी भिंतच! तिने नौकेची पिछाडी उचलली, नाळ पाण्यात घुसली आणि ती प्रचंड नौका कोलांटी उडी घेतल्यासारखी उलटली.

आत असलेल्या दोघांना वर काय आणि खाली काय हे कळेना. अंधार आणि पाणी यांतून धडपडत माइल्स वर आले, तेव्हा सुकाणूवर कोणी नव्हते. दोन्ही डोलकाठ्या मोडल्या होत्या, सुकाणू नाहीसे झाले होते, खोलीचे छप्पर उखडून तेथे सुमारे सहा फूट लांबरुंद भगदाड पडले होते आणि नौकेत पाणी भरले होते. इतक्यात काही अंतरावर लाटांमध्ये बेरिल दिसल्या. दोर तुटून त्या फेकल्या गेल्या होत्या. खांदा दुखावला होता, तरी त्या मोडून पडलेल्या डोलकाठीपर्यंत पोहत आल्या. दोघांनी मिळून त्यांना वर ओढले.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वर येताच बेरिल रडल्या नाहीत की देवाला दोष देत बसल्या नाहीत. बादल्या कोठे ठेवल्या आहेत ते त्यांना ठाऊक होते. त्या शोधून त्या पाणी उपसण्यास लागल्या. घर चालवणारी बाई संकटात जशी नेमकी वस्तू नेमक्या जागेवरून काढते, तशी. तासन्‌तास पाणी उपसणे चालले. भगदाडावर फळ्या आणि शिडाचे कापड ठोकले. चिंब भिजलेली प्वे सापडली; तिलाही ऊब मिळाली. मग गझवेल यांनी मोडक्यातोडक्या लाकडांतून नवी डोलकाठी आणि सुकाणूऐवजी एक लांब वल्हे तयार केले. दुखऱ्या खांद्याने बेरिल रांधत राहिल्या. सुमारे पाच आठवड्यांनी, मार्चच्या उत्तरार्धात, ती जखमी नौका चिली देशातील कोरोनेल बंदरात स्वतःच्या शिडावर शिरली.

हे वाचताना मला एक प्रश्न पडला होता. उलटलेली नौका पुन्हा सरळ झाली कशी? त्याचे उत्तर नौकेच्या रचनेत आहे. अशा नौकेच्या तळाशी एक भक्कम कणा असतो. आमच्याकडे होडीच्या कण्याला पठाण म्हणतात. त्या कण्याखाली शिशाचे जड ओझे बसवलेले असते. ते सदैव पाण्याखाली असल्याने कोणाला दिसत नाही. लोक पाहतात ती वाऱ्याने फुगलेली शुभ्र शिडे. पण नौका कलंडली, की ते तळातले वजन तिला पुन्हा सरळ करते. वजन नसेल, तर शीड जितके मोठे, तितकी नौका लवकर उलटायची. पक्षी आणि नौका यांची तुलना कवी करतात. परंतु नौका केवळ पंखांवर चालत नाही, ती वजनावरही चालते.

मला वाटते, या जोडप्याच्या आयुष्यात घर हे असे तळातले वजन होते. शेतावर अंगी बाणलेली सवय, म्हणजे आजचे काम आजच करण्याची, आपल्यावर अवलंबून असलेल्या जिवाला आधी खाऊ घालण्याची, त्या वादळी सकाळी उपयोगी पडली. आणि सर्वांत मोठे वजन म्हणजे इंग्लंडमधील शाळेत असलेली मुलगी. तिच्यापर्यंत पोचायचे होते.

नौकेची दुरुस्ती चिलीच्या आरमाराच्या गोदीत झाली. गझवेल आपल्या ‘ट्रेका’ या स्वतःच्या हातांनी बांधलेल्या अवघ्या वीस फुटी नौकेकडे परत गेले. तीत बसून १९५९ साली त्यांनी आपली एकट्याची पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. इकडे डिसेंबर १९५७ मध्ये स्मीटन दांपत्य दोघेच पुन्हा केप हॉर्नच्या दिशेने निघाले. आणि पुन्हा, जवळजवळ वर्ष उलटता उलटता, एका प्रचंड लाटेने नौका आडवी फिरवून उलटी केली. पुन्हा डोलकाठ्या गेल्या. पुन्हा नौका सरळ झाली. पुन्हा दोघांनी पाणी उपसले आणि तुटपुंज्या शिडावर व्हालपारायसो बंदर गाठले.

या वेळी त्यांनी हट्ट धरला नाही. ‘त्झू हांग’ एका मोठ्या जहाजावर चढवून ती दोघे इंग्लंडला आपल्या मुलीकडे गेली. या दोन्ही प्रवासांच्या पुस्तकाला माइल्स यांनी ‘एकदा पुरे’ अशा अर्थाचे मिस्कील नाव दिले. ते १९५९ साली प्रसिद्ध झाले. पुढे जाण्यास जेवढे धैर्य लागते, तेवढेच मागे वळण्यासही लागते. ज्याला परत जाण्यासाठी घर असते, त्याला मागे वळण्याची लाज वाटत नाही.

पुढील दहा वर्षे त्यांनी त्याच नौकेतून निरनिराळे समुद्र पाहिले. एकदा तर जपानहून धुक्याने वेढलेल्या अल्यूशन बेटांच्या वाटेने ती दोघे कॅनडाला आली. डिसेंबर १९६८ मध्ये, दोघांचीही साठी उलटून गेल्यावर, एका तरुण सोबत्यासह त्यांनी केप हॉर्नला वळसा घातलाच. तोही पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे वाऱ्याला तोंड देत!

त्यानंतर त्यांनी काय केले असेल? पुन्हा घर केले. या वेळी समुद्रापासून शेकडो मैल आत, कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतात कॉक्रन गावाजवळ. तेथे त्यांनी वन्य प्राण्यांसाठी आश्रयस्थान उभारले. कॅनडाच्या माळरानावर पूर्वी मांजराएवढे लहान, चपळ कोल्हे होते. माळ नांगरला गेला, सापळे लागले, लांडग्यांसाठी ठेवलेले विष त्यांनी खाल्ले आणि तो प्राणी त्या देशातून पार नाहीसा झाला. स्मीटन दांपत्याने दक्षिणेकडील देशातून, अमेरिकेतून, काही कोल्हे आणवून त्यांची निगा राखली, त्यांची पिल्ले वाढवली. १९८३ साली त्या वंशाचे पहिले कोल्हे कॅनडाच्या माळावर मोकळे सोडण्यात येऊ लागले. तो दिवस बेरिल यांना पाहता आला नाही. १९७९ साली त्यांचे निधन झाले होते. माइल्स १९८८ साली गेले. आईबापांचे ते काम क्लिओने पुढे चालवले आणि आज त्या माळरानावर हे कोल्हे पुन्हा नांदत आहेत.

ज्यांना स्वतःला कोणत्याही कुंपणात राहणे मानवले नाही, त्यांनी शेवटी दुसऱ्या एका जिवाला त्याचे हरवलेले घर परत मिळवून दिले, ही गोष्ट मनात आली, की मला फार समाधान वाटते. घर आणि भ्रमंती यांत वैर आहे अशी माझी समजूत होती. आता वाटते, की ज्याने घर मनापासून केले आहे, त्यालाच घराची खरी किंमत कळते. आणि जो दूर जाऊन आला आहे, त्याला ती अधिकच कळते. दोहोंची समान वाटणी करता येत नाही. वर्षातले सहा महिने येथे आणि सहा महिने तेथे, असे तराजूत तोलून कोणाचे आयुष्य चालत नाही. समतोल नौकेसारखा असतो. कधी या अंगाला, कधी त्या अंगाला झुकत तिला जावे लागते. फक्त तळातले वजन शाबूत हवे.

तुम्ही उद्या शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा केवळ जग पाहण्याच्या हौसेने दूर दूर जाल. जरूर जा. मोठी शिडे उभारा. परंतु ज्यांनी तुमच्यासाठी रात्री जागवल्या, त्यांची आठवण आणि हातातले काम नेटाने करण्याची सवय बरोबर असू द्या. वादळ कोणालाच चुकत नाही. त्या वेळी बादल्या कोठे आहेत हे ठाऊक असले, आणि पाणी उपसायला आपल्या शेजारी आपले माणूस असले, म्हणजे पुष्कळ झाले.